नागिणीवाले गुरुजी

सोमवारी सकाळी आंघोळ करताना उजव्या बरगडीखाली हात लागला आणि चर्रकन आग झाली. दोन दिवसांपासून ती बाजू ठणकत होतीच. पाण्याची कॅन उचलताना चमक भरली असेल म्हणून मी बाम चोळत होतो. आरशात पाहिलं तर लाल पट्ट्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड, पाठीकडून पोटाकडे निघालेले. मला कोणाला विचारायची गरज नव्हती. दिग्रसमध्ये असे फोड माझ्याइतके पाहिलेला दुसरा माणूस नसेल, डॉक्टर धरून. नागीण होती.

आमच्या घरात नागीण उतरवतात. वडील उतरवायचे, ते गेल्यावर काम माझ्याकडे आलं. दूर्वांच्या रसात गेरू उगाळायचा, फोड जिथून सुरू झाले तिथे एक आडवी रेघ, जिथे थांबले तिथे दुसरी, मधल्या फोडांवर लेप, आणि हे सगळं करताना ओठ हलवत राहायचे. रेघा ओढल्या की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळत नाही. अंगाभोवती ती जुळली की माणूस जातो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. याबद्दल कोणाकडून काही घ्यायचं नाही, आणि करायचं ते फक्त बुधवारी नि रविवारी. मधल्या वारी कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. आठवडाभर पोरांना विषाणू आणि जिवाणू यांतला फरक सांगायचा आणि रविवारी गेरूची वाटी घेऊन ओसरीवर बसायचं. लोक मला नागिणीवाले गुरुजी म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मुख्याध्यापक झालो तेव्हाही एवढा मान मिळाला नाही.

विश्वास? नव्हता, कधीच नव्हता. नागीण दोन-तीन आठवड्यांत आपली आपण सुकते हे मला ठाऊक होतं. माणूस घाबरून येतो, त्याला धीर मिळतो, गेरूनं थंड वाटतं, यात कोणाचं काय बिघडतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. बायकोला मात्र ते मनापासून खरं वाटायचं. दूर्वा खुडून आणणं, आलेल्याला पाट देणं, आंबट-तेलकट खाऊ नका म्हणून दम देणं हे तिचं खातं. दम ती माझ्यापेक्षा चांगला द्यायची.

त्या सोमवारी तिनं फोड पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अवो, आता तुमाले कोण लावन?" उतरवणाऱ्यानं स्वतःला लावायचं नसतं, हे तिला माहीत होतं. मग तिचं तिलाच सुचलं. "मले शिकवा. परवा बुधवारच हाय. मी लावून देतो."

बाईमाणसानं लावलेलं चालत नाही, असं मी म्हणालो. हा नियम मी तिथल्या तिथे तयार केला. अंगात शर्ट अडकवला आणि दवाखाना गाठला. स्वतःसाठी मी बुधवारची वाट पाहिली नाही.

डॉक्टर तरुण होता, वर्षभरापूर्वीच गावात आलेला, त्यामुळे मला ओळखत नव्हता. फोड कधी आले म्हणाला. आजच, म्हटलं. "बरं झालं, वेळेवर आलात." लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात अंगातली ताकद कमी झाली की उठतो, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मी समोर बसून आठवीतल्या मुलासारखी मान डोलावत होतो. गोळ्या फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर खरा फायदा, तो म्हणाला. उशीर झाला तर फोड सुकतात, पण नस दुखत राहू शकते, कधी काही महिने, कधी काही वर्षं.

गुरुवारी आलेल्या माणसाला मी रविवार सांगायचो. शुक्र, शनि, रवि. फोड अंगावर घेऊन आलेला माणूस आधीच एखादा दिवस घालवून आलेला असायचा.

"एखाद्या बाईच्या कपाळावर आली तर?" मी विचारलं. "डोळ्याच्या वर?"

"मग तर त्याच दिवशी यायला पाहिजे. डोळा जाऊ शकतो. आहे का घरी कोणी?"

"नाही," मी म्हणालो. "आता नाही."

ती माझी सासू. बारा वर्षांपूर्वी गुरुवारी दुपारी ती नेरहून मुलासोबत आमच्याकडे आली होती. डाव्या कपाळावर फोड, पापणी सुजून मिटलेली. मी रविवार सांगितला. रविवारी तिला पाटावर बसवलं, दोन रेघा ओढल्या, ओठ हलवले. तीन आठवड्यांत फोड गेले. डावा डोळा अधू झाला तो झालाच, आणि कपाळातली आग सासू वारेपर्यंत, म्हणजे पुढची चार वर्षं, राहिली. डोक्यावर पदर सहन व्हायचा नाही. जावयासमोर उघड्या डोक्यानं बसावं लागतं याचंच तिला जास्त दुःख होतं. मी आलो की भिंतीकडे तोंड करायची. तरी आल्यागेल्याला सांगायची, जावयानं जीव वाचवला माझा.

गोळ्या मी नियमानं घेतल्या, दिवसातून पाच वेळा. पहिले दहा दिवस अंगाला कापड लावून घेता येत नव्हतं. ऐन थंडीत उघडाबंब, लुंगीवर, ओसरीवर बसलेला निवृत्त मुख्याध्यापक पाहून लोक आत डोकावायचे. बरगडीवर कोणी निखारा ठेवून विसरून गेलंय असं वाटायचं. महिन्याभरात सगळं निवळलं. मला लाज वाटली ती निवळल्यावर. दुखत होतं तोवर दुसरं काही वाटायला जागा नव्हती.

शेवटच्या खेपेला डॉक्टरनं लसीचं काढलं. पन्नाशीनंतर घेता येते, दोन डोस, मध्ये किमान दोन महिने. नागीण होणारच नाही अशी खात्री नाही, पण शक्यता बरीच कमी होते. दंड दुखेल, एखादा दिवस ताप येईल. मला आणखी काही महिने थांबायला सांगितलं. बायकोला मात्र आता द्या म्हणाला. तिचं वय सहासष्ट, साखर थोडी वाढलेली, कांजिण्या लहानपणी होऊन गेलेल्या. लस यवतमाळला मिळणार होती.

घरी येऊन सांगितलं तर ती हसली. "मले कायले सुई? घरात तुमी हाय न."

सुईला ती घाबरत नव्हती. कोरोनाच्या वेळी रांगेत माझ्या पुढे उभी होती. नागिणीची लस ती नको म्हणत होती ती फक्त माझ्या भरवशावर. तिला घ्यायला लावायची तर गेरूत काही नाही हे सांगणं आलं. ते सांगितलं की तिला तिची आई आठवणार, हे कळायला मास्तरकी करायला नको. मी तीन आठवडे गप्प राहिलो. मध्ये एका बुधवारी आर्णीकडचा एक माणूस पाठीवर फोड घेऊन आला, त्याला मी तसाच ऑटोत बसवून दवाखान्यात धाडलं. मी अजून पुरता बरा नाही म्हणून पाठवलं, असं बायको समजली. मी तसंच समजू दिलं. तेवढ्यात तिच्या मानेवर पुरळ उठलं आणि माझं धाबं दणाणलं. घामोळं निघालं, लोकरीच्या शालीचं. पण ती दूर्वा खुडायला निघाली होती, तेव्हा मात्र थांबण्यात अर्थ नव्हता.

दुपारी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. गेरूत काही नाही, रेघांत काही नाही, मी ओठ हलवतो तेव्हा काही म्हणतही नाही.

"मग इतके लोकं बरे कसे झाले?"

"ते तसेही होतात. आणि उशीर झाला तर नस दुखत राहते. गोळ्या तीन दिवसांच्या आत लागतात."

ती आणखी दोन-तीन शेंगा सोलत राहिली. मग हात थांबला. "मायले गुरुवारी आनलं होतं."

"हो."

"गोळ्याचं तुमाले तवा मालूम होतं?"

"नाही. ते आत्ता समजलं." हे खरं होतं, आणि मी ते घट्ट धरून बसलो.

"पन गेरूत काही नाही, हे मालूम होतं."

"होतं."

तिनं सूप उचललं आणि आत गेली. पुढचे आठ दिवस जेवायला चला, गॅस संपला, याच्यापलीकडे बोलणं नाही. मग एका सकाळी इस्त्रीचं लुगडं नेसून बाहेर आली. यवतमाळला सुई घ्यायला निघाली होती. मी चप्पल घालू लागलो तर म्हणाली, "बहिनीसंग जातो मी." संध्याकाळच्या एसटीनं परत आली आणि जेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी तिला ताप होता, दंड दगडासारखा झाला होता. डॉक्टरनं तसं सांगितलंच होतं, त्यामुळे काळजी नव्हती. मी चहा करून नेला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कप ठेवला तशी, वळून न पाहता, बोलली.

"भाऊ मायले यवतमाळले डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊन राह्यला होता. गाडी दारात उभी होती. मीच फोन केला. म्हटलं, डॉक्टर कायले, माहा नवरा हाय न."