पगडीतलं पत्र

अकोल्याला आमच्या कापसाच्या पेढीवर मुंबईची पत्रं शेटजींना वाचून दाखवणारे एक वयस्क कारकून होते. चांगली बातमी ते दारातूनच ओरडत. वाईट असली की कागदाची घडी पगडीत खोचत आणि म्हणत, “उपाशी माणसाले काय सांगू? जेवू द्या, मंग वाचतो.”

अमेरिकेतली लढाई संपली, तिकडचा कापूस पुन्हा येणार म्हणून भाव कोसळला, हे पत्रही त्यांनी असंच खोचलं. शेटजी त्या दिवशी न जेवताच बाजारात गेले आणि कापसाच्या साऱ्या गाड्या जुन्या चढ्या भावाने विकत घेऊन बसले.

दुपारी जेवणं झाल्यावर कारकुनांनी पत्र वाचलं.

“हे कवा आलं?” शेटजींनी विचारलं.

“सकाळीच. पण तुमी जेवले नवते.”

त्यांच्यावर मला धड रागावताही येत नाही. पगडीतून डोकावणारं ते टोक सकाळी मीही पाहिलं होतं, आणि शेटजींच्या जेवणाची वाट पाहत गप्प बसलो होतो.