दुभाष्याची गरज नाही

हे मी नवऱ्याजवळ कधी बोलले नाही. आईजवळ बोलायचं होतं, पण ते राहूनच गेलं—आणि आता तीही राहिली नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक जीभ जरा सैल होते आहे.

यवतमाळच्या एका दवाखान्यात एका औषधाचा अभ्यास चालला होता. तिथं मी समन्वयक होते. औषध केटामाइन—ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं जुनंच औषध. ते अगदी थोडं, सलाईनमधून दिलं तर जुनाट दुखणं आणि मनाची उदासी हलकी होते का, हे पाहायचं होतं. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं, ते डॉक्टरांनाही माहीत नसे. चौथ्या आठवड्यात मी प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारायची. ज्याला फरक नाही, त्याला पुढं खरं औषध उघडपणे मिळायचं. हा नियम लक्षात ठेवा. माझ्या डोक्यातून तो कधी गेलाच नाही.

सोनीबाई घाटंजीकडच्या एका तांड्यावरून यायची. पन्नाशीची असेल. शेतात पडली, कंबर धरली ती सुटलीच नाही, आणि मागाहून मनही बसलं. आंघोळ नको, बोलणं नको, भाकर मातीसारखी लागते, असं तिची सून सांगायची. फॉर्म भरताना एक रकाना होता—दुभाषी हवा का? सोनीबाईचं मराठी बाजारापुरतं. भाव विचारण्याएवढं. मनातलं सांगण्याएवढं नाही. मला ते दोन वाक्यांत कळलं, कारण माझ्या आईचंही तेवढंच होतं.

हो, मी तांड्यावरचीच. आडनाव असं, की गावात आणि तांड्यावर दोन्हीकडे खपून जातं. होस्टेलमध्ये मुली म्हणायच्या, तुमच्या भाषेत बोलून दाखव—आणि मी बोलले की पोट धरून हसायच्या. तेव्हापासून गोरबोली, आमची बंजारा बोली, फक्त आईच्या फोनपुरती ठेवली. दवाखान्यात तर कोणाला पत्ताच नव्हता. एकदा डबा खाताना कोणीतरी म्हणालं, तांड्यावरच्यांना काय विचारायचं, ते नुसती मान डोलावतात. सगळे हसले. मीही हसले. मग आता कोणत्या तोंडानं सांगणार होते, की दुभाषी कशाला, मी आहे ना? आणि बाहेरून कोणी आणला असता, तर त्यानं मला ओळखलं असतं! मी रकान्यात टिक केली—दुभाष्याची गरज नाही.

पण सोनीबाईनं ओळखलंच. एका दुपारी कडुलिंबाखाली आईशी फोनवर बोलत होते. वळून पाहते तर ती मागच्या बाकावर. किती महिन्यांनी हसली असेल ती, देव जाणे. त्या दिवसापासून मी तिची 'छोरी' झाले. पण म्हणायची हळूच, चारचौघांत नाही. माझी लाज तिला तेव्हाच समजली होती का?

चौथा आठवडा आला. मी स्वच्छ मराठीत प्रश्न वाचले—झोप, भूक, दुखणं, जगावंसं वाटतं का. डॉक्टर शेजारी बसले होते. ती प्रत्येकाला एकच सांगत गेली, बरं हाय. आमच्यात ज्याच्या हातचा चहा घेतला, त्याला तोंडावर 'तुझ्या दवाईनं गुण नाही आला' असं म्हणत नाहीत. अवघड गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून जाते. त्या खोलीत हे फक्त दोघींना ठाऊक होतं. मी आकडे लिहीत गेले.

मग तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथं तिनं माझं मनगट धरलं आणि आमच्या बोलीत सगळं सांगितलं. कंबर तशीच आहे. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले. डॉक्टर भला माणूस, त्याचं मन कसं मोडू? तू सांग त्याला छोरी, तुझ्या तोंडून ते वाईट नाही दिसणार.

मी हो म्हणाले.

परत आले तेव्हा फॉर्म डॉक्टरांच्या पुढ्यात होता. सही करता करता त्यांनी विचारलं, "काही राहिलं का?"

"नाही, सर."

एवढंच. बघा, नोकरी जाणार नव्हती. कोणी रागावणारही नव्हतं. फक्त त्यांनी विचारलं असतं, तिनं तुला कोणत्या भाषेत सांगितलं? त्या एका प्रश्नाला मी घाबरले. एवढ्याशा गोष्टीसाठी मी एका बाईचं तोंड बंद केलं.

अभ्यास संपला, कोणाला काय मिळालं त्याची यादी उघडली. सोनीबाईला मिठाचं पाणीच मिळालं होतं. तिच्या नावापुढं सुधारणा लिहिलेली, म्हणून खरं औषधही नाही. त्या औषधानं ती बरी झाली असती का? औषध मिळालेल्यांतही कोणाला गुण आला, कोणाला नाही; कोण जाणे. या 'कोण जाणे'च्या आड मी बरेच दिवस लपून राहिले. पण मी तिला हो म्हणाले होते, तिथं कसलं कोण जाणे?

गेल्या हिवाळ्यात घाटंजीच्या बाजारात ती दिसली. सून वांगी निवडत होती आणि ही बाजूला पोत्यावर बसलेली, अर्धी झालेली, नजर कशावरच नाही. मी तिच्यापुढं उकिडवी बसले. आजूबाजूला माणसंच माणसं होती. त्या सगळ्यांत, मोठ्यानं, गोरबोलीत मी तिला विचारलं, कशी आहेस याडी. याडी म्हणजे आई.

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओळखलं तिनं, त्यात शंका नाही. मग डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि बाजारातल्या मराठीत म्हणाली,

"बरं हाय, मॅडम."