मामांची नंबरप्लेट: यवतमाळ, कळंब, मारेगाव, दोन दिवसांत

मागच्या खेपेला स्पितीवर लिहिलं तेव्हा खाली एकानं विचारलं होतं, "ताई, सुट्टी आणि पैसा दोन्ही नसलेल्यांनी कुठं जायचं?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणून ही सहल. यवतमाळहून कळंब, तिथून राळेगाव-वडकीमार्गे मारेगाव, एक मुक्काम आणि परत. गरम कपडे, परवाने, डोंगर चढायचा सराव, काही लागत नाही. एक मामा मात्र लागतो.

माझे मामा मारेगावला राहतात. त्यांच्या स्कूटरच्या मागच्या पाटीवर लाल रंगात ठसठशीत 'माजी उपसभापती' लिहिलेलं होतं. कशाचे, ते लिहायला जागा उरली नव्हती. त्याखाली, पेंटरला ऐनवेळी आठवलं म्हणून, गाडीचा नंबर. सरकारनं जुन्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची केली तेव्हा आरसीवर बघून मामांचं ऑनलाइन बुकिंग मीच करून दिलं. शनिवारी मारेगावातच प्लेट बसणार होती. मी जायचा काही प्रश्न नव्हता. पण गुरुवारी मामींचा फोन आला.

"तुह्या मामाले कळंबच्या एका मास्तरचा फोन आलता. म्हणते, तुमच्या गाडीचे चलान माह्या मोबाईलवर येऊन राह्यले. उद्या आमाले तिथं जा लागते. तू गाडी घेऊन ये."

भानगड अशी होती. मामांच्या गाडीचा खरा नंबर ४०३१. बेरीज आठ. आठ म्हणजे शनी, असं एका ज्योतिषानं निवडणुकीच्या तोंडावर मामांना सांगितलं. मामांनी पेंटरला बोलावलं आणि एकाचा दोन करून घेतला. बेरीज झाली नऊ, मामा निवडून आले, वर उपसभापतीही झाले. एवढं झाल्यावर शास्त्राला नावं ठेवायची कुणाची बिशाद? ४०३२ नंबरची गाडीही कुणीतरी चालवत असेल, एवढंच काय ते त्यांच्या डोक्यात आलं नाही. ती कळंबचे हे मास्तर चालवत होते.

मास्तरांना दंडाचं फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं शेवटच्या चलानाबरोबर आलेल्या फोटोचं. वणीतला चौक, पाठमोरी स्कूटर, चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही आणि मागं एक बाई, डोक्यावरून पदर घेतलेली. तो फोटो मास्तरांच्या बायकोनं पाहिला आणि दिवाळीपासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. दोन्ही स्कूटर पांढऱ्या. मामांचं आणि मास्तरांचं टक्कलही मागून एकाच वळणाचं. पाटीवर उपसभापती लिहिलंय, मी तर साधा मास्तर, असं त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. "पाटी काय, कोणालेही बदलता येते," असं उत्तर मिळालं. शेवटी त्यांनी फोटोतल्या त्या पदाचा धागा धरून वणी-मारेगावकडं चौकशी लावली. असे माजी लपून राहत नाहीत. ज्या पदासाठी मामांनी नंबर बदलला, त्याच पदानं त्यांना पकडून दिलं. मास्तरांची मागणी एकच होती: जोडीनं घरी या आणि माझ्या बायकोसमोर सांगा की गाडी तुमची आणि मागं बसलेली बाई तुमची.

शुक्रवारी सकाळी यवतमाळहून निघाले. कळंबपर्यंत नागपूरचा मोठा रस्ता आहे, अर्ध्या तासात पोचता. बघण्यासारखं काय आहे विचाराल तर पुढच्या गाड्यांच्या पाट्या बघा. एकोणतीस नंबर आपला जिल्हा, हे निम्म्या पाट्यांवर शोधावं लागतं. एकावर 'प्रेस', चालवणारा इस्त्रीवाला असावा असा माझा कयास. एकावर 'दादा', त्याच्या पुढच्याच गाडीवर 'दादांचा दादा'. एका टेम्पोवर कापसाचे गठ्ठे असे लोंबत होते की नंबर नुसता श्रद्धेवर मानायचा. मध्येच एखादी नवी प्लेट दिसते. पांढरी, डाव्या कोपऱ्यात चक्राचा चकचकीत शिक्का, सगळ्यांची अक्षरं एका मापाची. शाळेच्या गणवेशात उभी केल्यासारखी ती गाडी बिचारी वाटते.

मामा-मामी एसटीनं आले होते. मामींना अर्धं तिकीट, मामांना पूर्ण, आणि ह्यावरून मामांचा शासनावर राग. आधी चिंतामणीचं दर्शन घेतलं. देऊळ जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि उन्हाळ्यातही खाली गार असतं. शुक्रवारी गर्दी नसते. मामा गणपतीपुढं जरा जास्तच वेळ डोळे मिटून उभे होते. बाहेर लाल तिखट रस्सा ओतलेले तर्री पोहे खाल्ले. तर्री वरून मागितली तरी वेगळे पैसे घेत नाहीत, ही नोंद करून ठेवा.

मास्तरांच्या घरी आम्ही खुर्च्यांवर ओळीनं बसलो. मास्तर सडपातळ, हळू बोलणारे. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. नवऱ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मामांनी घसा साफ करून गाडी आपली असल्याचं मान्य केलं, शनी मात्र वगळला.

काकूंनी मोबाईल आधी मामांपुढं धरला. "पाहून घ्या बरं, तुमीच न हे?"

"चष्मा घरी राह्यला माह्या," मामा म्हणाले. चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. मोबाईल त्यांनी हातातही घेतला नाही.

मग तो मामींकडं आला. मामींनी फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. मीही वाकून पाहिला. जांभळी साडी, पिवळा काठ. माझ्या लग्नात मामींना जांभळी साडी दिली होती ती त्यांनी दुसऱ्या दिवशी बहिणीला देऊन टाकली होती, "हा रंग मले काळी पाडते" म्हणून. तेव्हापासून आमच्याकडं त्यांना जांभळं काही देत नाहीत.

"ताई," काकूंनी विचारलं, "ह्या तुमीच न?"

मामींनी मोबाईल परत दिला. "मीच हावो. गुडघ्याच्या डॉक्टरकडं गेलतो वणीले."

काकू आत गेल्या, चहा घेऊन आल्या आणि पाहुणे समोर बसलेले असताना पहिला कप मास्तरांच्या हातात दिला. "साखर पाहा बरं, बरोबर हाये का," त्या म्हणाल्या. मास्तरांनी घोट घेतला आणि मान हलवली. मला भरून आलं, आणि मामांचा संतापही आला. दोन्ही एकाच वेळी.

कळंबहून राळेगाव, वडकी, मग हैदराबादच्या मोठ्या रस्त्यानं करंजी आणि डावीकडं वळून मारेगाव. दोन्हीकडं फुटलेला कापूस आणि तूर. थांबत गेलात तर तीन तास धरा. आम्ही थांबलो नाही. मामा कापसाच्या भावावर बोलले, रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलले, आपल्या काळात मंजूर झालेल्या आणि अजून न झालेल्या पुलावर बोलले. मामी खिडकीबाहेर बघत होत्या. इतकी शांत बाई आणि इतका बोलका पुरुष एका गाडीत असले की चालवणाऱ्यानं समोर बघावं, तेच मी केलं.

मारेगावला राहायचं तर लॉज मिळतो, पण माझी सोय मामींकडं, त्यामुळं भाडं सांगता येणार नाही. संध्याकाळी बेसनाच्या पाटोड्यांची भाजी, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. मामा ओट्यावर बसले होते. मामी चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "ते मी नव्हती."

"माहीत आहे. मग हो कशाला म्हणालात?"

"ते बाई दिवाळीपासून नवऱ्याशी अबोला धरून बसली. अन् तिचा नवरा त खरंच घरी होता न. त्याचं काहून मोडू द्याचं?"

"आणि मामा? त्यांना विचारणार नाही?"

"विचारलं का ते एक गोष्ट सांगन. मंग मले ते ऐकून घ्या लागन." त्यांनी भाकर उलटली. "मले सांग, हे चलान कोणाच्या मोबाईलवर येते?"

गाडीच्या नोंदणीला जो नंबर जोडलेला असेल त्यावर, मी म्हणाले. मामांनी जोडलेला नंबर केव्हाच बंद पडला होता. जेवणानंतर मी लॅपटॉप उघडला आणि नवीन नंबर टाकला. आधारचा ओटीपी मामांच्या फोनवर आला. कशाचा म्हणून न विचारता त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. नव्या प्लेटचंच काहीतरी असेल, असा त्यांचा समज. नंबर मामींचा होता.

शनिवारी प्लेट बसवायला गेलो. जाणाऱ्यांसाठी: आरसी आणि बुकिंगची पावती जवळ ठेवा, दुचाकीला साडेपाचशेच्या आत काम होतं, पैसे आधीच ऑनलाइन भरलेले असतात. मामांनी बसवणाऱ्याला बाजूला घेतलं.

"वर थोडी जागा सोड. पद लिहाचं हाये."

"साहेब, ह्याच्यावर काहीच लिहिता येत नाही."

"माजी आमदाराच्याबी?"

"सगळ्याईची सारखीच."

मामा वाद घालायला सरसावले. "बसवा," मामी म्हणाल्या. एवढंच. माजी उपसभापती जागच्या जागी गप्प झाले. त्यांना असं गप्प झालेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. नवी प्लेट बसली, न उघडणारं कुलूप टक् करून लागलं. मामांनी बोटांवर बेरीज केली. "आठ," ते पुटपुटले. जुनी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून ते पुढं चालू लागले.

दुपारी पांढरकवड्याच्या रस्त्यानं मी यवतमाळला परतले. दोन दिवसांत पेट्रोल सोडलं तर खर्च नावालाच. डोंगर नाही, बर्फ नाही, फोटो काढावा असं काही नाही. पण चहाचा तो पहिला कप मी स्पितीतल्या कुठल्याही सूर्योदयाआधी सांगेन. मामींना मात्र काय मिळालं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

परवा त्यांचा फोन आला.

"मेसेज आलता दुपारी. वणीचा. हेल्मेट नाही म्हणून."

"फोटो आहे?" मी बिचकत विचारलं.

"हाये न. मांगं कोणीच नाही. कापडाच्या दुकानाची पिशवी लटकून राह्यली हँडलले." मामी म्हणाल्या, "संध्याकाळी आले अन् ते पिशवी माह्या हातात देली. साडी आणली म्हणे तुह्यासाठी. आजवर कधी आणली नोहती."

"मग चांगलंच आहे की, मामी."

"जांभळी हाये. पिवळ्या काठाची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् त्याईनं त," मामी म्हणाल्या, "कळंबले तो फोटो पाह्यलाच नव्हता न?"