सीटला दोन इंच जास्त

चाळीस वर्षांत मास्तरांची कात्री चुकली नव्हती, आणि तो तोरा त्यांच्या नाकावर कायम बसलेला असे. म्हणूनच एका महिन्यात तिसरी पँट परत आली तेव्हा त्यांचा पारा चढला. गिऱ्हाईक बँकेतले साहेब, स्वभावाने गरीब. मागून पोतं घातल्यासारखं दिसतं, एवढंच ते हळूच म्हणाले. मास्तरांनी उलट साहेबच वाळलेत असं सुनावून त्यांना वाटेला लावलं.

मग टेप लावला. सीटला दोन इंच जास्त. आधीच्या दोन्ही पँटींनाही तेवढेच.

प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. कॅन्सर गेला, रिपोर्ट स्वच्छ, डॉक्टर खूश. मास्तरांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. शिंक आली, इस्त्री उचलली, हसू फुटलं, की थोडंसं भिजायचंच. आत पॅड, वर ढगळ पँट. दहा मिनिटं एका जागी बसवत नसे. उठायचं, आरशात पाठमोरं बघायचं, वास तर येत नाही ना म्हणून हुंगायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. लग्नकार्यांना जाणं बंद. आणि दवाखान्यातून आल्यापासून खोकल्याचं निमित्त करून गादी बाहेरच्या खोलीत. खोकला कसला डोंबलाचा. नवरेपण ऑपरेशनमध्येच गेलं होतं, ते बायकोला कळू नये म्हणून सगळा खटाटोप.

बायको दुकानातच काज-बटण करायची. तिने पँटी मांडीवर घेऊन शिवण चाचपली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही सगळ्यांच्याच पँटीत पॅडची जागा सोडताय."

मास्तर खेकसायला उठले, दारापर्यंत गेले, परत आले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "भिजतं अजून. आणि ते बाकीचंही... आता होत नाही."

"ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली होती. डॉक्टरांनी दोन्ही तेव्हाच सांगितलं होतं मला." तिने सुई बाजूला ठेवली. "तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होते. गादी बाहेर नेलीत, तेव्हा वाटलं, माझाच कंटाळा आला तुम्हाला."

मास्तर स्टुलावर बसले. आपण आपली लाज झाकत बसलो आणि ही आत एकटी हे घेऊन झोपत होती, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

"आज आत आणू गादी?" त्यांनी विचारलं.

"एकट्याने उचलू नका," ती म्हणाली. "मी धरते दुसरीकडून."