मिरचीच्या गोवऱ्या आणि हत्तींची वाट

मी फ्रँकफर्टजवळच्या एका संस्थेत धुरावर संशोधन करते. धुराचा अभ्यास करायला सून जर्मनीला गेली, हे सांगलीत चारचौघांत सांगताना सासूबाईंना अजूनही अवघडल्यासारखं होतं. त्या आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हाच झांबियातल्या एका अभयारण्याचे एक अधिकारी माझ्या संस्थेत कामासाठी येऊन आमच्याकडेच उतरले.

त्यांच्या जंगलाच्या कडेला मक्याची शेतं होती आणि नदीवर जाता-येता हत्ती त्यांत शिरायचे. मदत देणाऱ्या इथल्या समितीला विजेचं कुंपण हवं होतं. त्याने शेतं वाचली असती, पण हत्तींची नदीची वाट कायमची बंद झाली असती. अधिकारी म्हणत होते, कुंपण नको, शेताच्या बांधावर मिरची घातलेल्या गोवऱ्या धुमसत ठेवू. हत्तीला तो धूर सोसत नाही, तो आपल्या वाटेने नदीवर जाईल. समितीला हा पोरखेळ वाटत होता. एकदा करून दाखवा, मग ठरवू, एवढंच समितीवाले म्हणाले.

आता गोवरी मी जन्मात थापली नव्हती. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या सासूबाईंनीही नाही. पण "तुम्ही भारतातल्या, तुम्हाला येतच असेल," असं अधिकारी म्हणाले आणि आम्ही दोघींनी ऐटीत माना डोलावल्या. तबेल्यातून घोड्याची लीद आणली. अधिकाऱ्यांची मिरची विमानतळावरच अडली होती, म्हणून सासूबाईंनी बॅगेतला एक पुडा मला दिला आणि मी तो कुटला. काय तो लालभडक रंग! गोवऱ्या बाल्कनीत वाळेनात, मग हायत्सुंगवर, म्हणजे घर तापवणाऱ्या रेडिएटरवर, ठेवल्या. त्या आठवड्यात नवऱ्याला ऑफिसात फार काम निघालं.

शनिवारी आमच्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे गावाबाहेर भाड्याने घेतलेल्या बागेच्या तुकड्यात, समितीची मंडळी जमली. गोवरी झकास धुमसली. मंडळी धुरात आरामात उभी. "आल्झो, तर," त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "वास छान आहे. ग्रिल लावल्यासारखा."

अधिकारी खाली मान घालून उभे राहिले. मला भयंकर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. कुणावर काढावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर सासूबाई ऐन धुरात खुर्ची टाकून निवांत विणत बसलेल्या. मी फोडणी दिली की दोन खोल्या पलीकडे खोकणारी ही बाई!

"आई, तुम्हाला ठसका कसा नाही लागला?"

सुया थांबल्या. "अगं बाई. ती ब्याडगी होती. रश्श्याला रंग यावा म्हणून आणलेली."

"तुम्हीच दिलीत मला."

"आणि कुटताना तुला एकदाही शिंक आली नाही, ते कळलं नाही होय? धुराची संशोधक!"

दुपारी तिथेच पिठलं करायचं होतं, त्यासाठी आणलेली लवंगी मिरची बागेतल्या खोपटात होती. सासूबाई उठल्या आणि दोन्ही मुठी भरून ती त्यांनी गोवरीवर टाकली. मग कुणी काही विचारायच्या स्थितीत राहिलं नाही. समितीतले एक उंच गृहस्थ माझे टोमॅटो तुडवत फाटकाबाहेर पळाले. शेजारच्या बागेतल्या खोपटाच्या खिडक्या धडाधड लागल्या. अधिकारी डोळे पुसत हसत होते. फाटकापलीकडून समितीच्या बाई खोकत म्हणाल्या, "गेनाऊ! अगदी असंच!"

लाल डोळ्यांनी सगळ्यांनी पिठलं-भात खाल्ला, आणि जेवताजेवताच ठरलं: या हंगामात कुंपण नाही.

निघताना अधिकारी इंग्रजीत म्हणाले, "जातो मी." सासूबाईंनी त्यांना दारातच अडवलं. "आमच्यात जातो म्हणत नाहीत. येतो म्हणतात. म्हणजे माणूस परत येतं." त्यांनी तो शब्द घोटून पाठ केला आणि जिन्यावरून हात हलवत म्हणाले, "येतो."

मक्याची कापणी तोंडावर आली तेव्हा त्यांचा व्हिडिओ आला. तोवर सासूबाई सांगलीला परतल्या होत्या. व्हिडिओ त्यांना पाठवला आणि फोन लावून दोघींनी एकदमच बघितला. संध्याकाळ, बांधावर धूर, आणि उभ्या मक्याला वळसा घालून नदीकडे निघालेले हत्ती. अधूनमधून पिल्लं. मला भयंकर आनंद झाला.

शेवटचं पिल्लू रेंगाळलं, मग तेही झाडीत शिरलं. फोनवर सासूबाईंचा आवाज आला, "या हं परत."