भरल्या नावेची वाट

आमचे अण्णा नाव वल्हवायचे नाहीत, हाकायचे. सगळा जन्म बैलगाडीवर गेलेला. पूर्वी उन्हाळ्यात आम्ही गोदावरीचं पात्र चालत ओलांडून पल्याडच्या रानात जायचो. मग खाली बंधारा झाला, पाणी तुंबून गावाला येऊन टेकलं आणि अण्णांनी साठी उलटल्यावर एक छोटी नाव घेतली. वल्हं मारतानासुद्धा तोंडातून "हं, चल, चल" निघायचं. मला हसू आवरायचं नाही, आणि त्यांना माझ्या हसण्याचा राग यायचा.

पाणी नवं आणि माणसं शेतकरी. अण्णांच्या एका जिवलग दोस्ताने, ज्यांना मी काका म्हणते, लोखंडी ड्रमांवर फळ्या ठोकून मोठा तराफा केला आणि मागे डिझेल इंजिन बसवलं. त्यावरून कडबा जाई, मोटारसायकली जात, एकदा नवरा-नवरीसकट वऱ्हाड गेलं. गावात आणखी काहींनी नावा घेतल्या आणि पहिल्याच हंगामात नावा आणि तराफा एकमेकांना भिडायला लागले. चूक कुणाची यावर रोज तोंडातोंडी. शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. गाडीवाटेचा कायदा पाण्यालाही लावायचा. चाकोरीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की रिकामी खाली उतरते, भरलेली जाते. दोन्ही भरलेल्या असल्या तर ज्याचे बैल ताजे, त्याने उतरायचं. धडक झालीच तर चुकलेल्याने दुसऱ्याचा माल घरपोच करायचा. गावाला हे फार आवडलं, कारण कुणालाच नवीन काही शिकावं लागलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी जालन्याहून घरी आले होते. तिथे मी शाळेत शिकवते. त्या वेळी घरात एकच विषय चालू होता. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, नाव विकून टाका, असं माझा भाऊ वर्षभर म्हणत होता. जालन्याला चला, ऑपरेशन करून घेऊ, असं मी म्हणत होते. "मला समदं बराबर दिसतं," एवढंच अण्णांचं उत्तर. शेवटी भावाने निक्षून सांगितलं होतं, "एक जरी धडक तुमच्या चुकीनं झाली, तर नाव गेली म्हणून समजा." नाव गेली की अण्णांचं रान गेल्यासारखंच होतं. त्यांना पहाटे जायचं असतं आणि काकांचा तराफा दहा वाजल्याशिवाय हलत नाही.

त्या सकाळी मी अण्णांबरोबर पल्याडचा कापूस बघायला गेले. परत निघालो आणि काठापासून दहा-पंधरा हात आलो, तोच समोरून तराफा आला. त्यावर कडबा, नवी विकत आणलेली म्हैस, दहाएक माणसं आणि मोटारसायकल घेऊन उभा असलेला माझा भाऊ. इंजिनाचा एवढा गोंगाट, म्हणजे अण्णांना कळलंच असणार, असं मी धरून चालले. काका हात हलवत ओरडत होते. अण्णा नाकासमोर वल्हं मारत राहिले. "अण्णा!" मी किंचाळले, आणि आम्ही तराफ्यावर आदळलो.

नावेची वरची फळी तडकली. माझे गुडघे फुटले. म्हशीने पाण्यात उडी घेतली, पोहत काठ गाठला आणि कुणाच्या तरी तुरीत शिरली. तिला धरून आणेपर्यंत काकांचा पारा चांगलाच चढला होता.

काठावरच्या बाभळीखाली सगळे जमले. काका म्हणाले, "कायदा तुझाच हाय. माझा तराफा भरलेला, तुझी नाव रिकामी. आता तूच सांग, चूक कुनाची?"

भाऊ पुढे सरकला. मला खरं काय ते माहीत होतं आणि मी मान खाली घातली. कुणी मला विचारू नये, एवढंच वाटत होतं.

अण्णा ताडकन उभे राहिले. "रिकामी? आरं, माझी लेक बसल्ती तिच्यात!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी याच माणसाने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. त्यांनी डोकं खाजवलं आणि त्यांचा राग बघता बघता उतरला. "ते बी खरंय. मंग दोन्ही भरलेल्या. त्यात माझं इंजिन ताजं, तुझे हात थकलेले. वाट मीच द्यायला पायजे होती. चल माय, तुला घरपोच करतो."

लोक हसले. भावाने ओठ चावले. नाव वाचली म्हणून मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

माल उतरवून तराफा गावाकडे वळला. मी फळीवर बसले. अण्णा आपल्या नावेतून येतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नावेची दोरी तराफ्याला बांधली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. निम्मं पाणी ओलांडलं. भाऊही पल्याडचं काम सोडून आमच्याबरोबर परत निघाला होता आणि पुढे काकांशी म्हशीबद्दल बोलत होता.

"माय," ते इंजिनाच्या आवाजाआडून हळूच म्हणाले, "आवाज आला, पन कुठनं ते कळंना. त्यो तराफा मला दिसलाच न्हवता."

"माहीत आहे अण्णा."

"रिकामी असती तर अजून चार वर्सं हाकली असती मी. पन तू होतीस." त्यांनी माझ्या सोललेल्या गुडघ्यावर चाचपडत हात ठेवला. "तू वरडलीस, तवा वळून बघितलं. तुझं तोंड बी दिसलं न्हाई मला. जालन्याला कवा निघायचं, सांग."