समतानं सांगितलेली तारीख

निपाणीच्या समता कांबळेचे आईवडील तंबाखूच्या वखारीत राबले. मुलगी डिप्लोमा करून ठेकेदाराच्या कंपनीत इंजिनिअर झाली, तेव्हा वडील मायाप्पांनी तिचं ओळखपत्र गल्लीभर दाखवलं होतं.

कंपनी नदीवर पूल बांधत होती. पलीकडे सदलगा, अलीकडे एक लहानसं गाव. काम कुठवर आलं, हे दर महिन्याला पंचायतीत जाऊन सांगायचं काम समताकडे होतं. साहेब कन्नड, गाव मराठी, आणि तिला दोन्ही भाषा सफाईनं येत.

पुलाच्या कामाजवळच बाळाबाईंचं घर होतं. त्यांची धाकटी बहीण तारा सदलग्यात अंथरुणाला खिळलेली. फेऱ्याच्या वाटेनं दोन बस बदलाव्या लागत, ते बाळाबाईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. समता दिसली की त्या विचारायच्या, "कवा गं व्हनार पूल?" "दिवाळीला," समता सांगायची.

ऑगस्टमध्ये एका खांबाचा पाया चाचणीत नापास झाला. तो फोडून पुन्हा घालायचा म्हणजे वर्षाचं काम.

"गावाला काय सांगू?" समतानं विचारलं.

"दिवाळीच सांग," साहेब म्हणाले. "आत्ताच बोंब नको."

तिनं दिवाळीच सांगितलं.

गणपती झाल्यावर बाळाबाईंनी तिला हाक मारली. मुलगा नागोजी जीप करून ताराकडं न्यायला तयार होता, पण एवढ्या लांब जीपमध्ये बसायची त्यांना धास्ती होती. "तूच सांग पोरी. आता जाऊ, का दिवाळीला पुलावरनं जाऊ?"

समता म्हणाली, "थांबा आज्जी. दिवाळीला होतंय."

दिवाळीला आठ दिवस असताना तारा गेली.

समता भेटायला गेली. बाळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"पूल व्हनार न्हाय, हे तुला ठावं होतं?"

"व्हय आज्जी."

"कवापासनं?"

"ऑगस्टपासनं."

नागोजी म्हणाला, "ताई, तुमी जावा आता."

पुढच्या सभेसाठी साहेबांनी 'मार्चअखेर' असं लिहून दिलं होतं. समतानं तो कागद उघडलाच नाही. "पाया परत घालायला लागतोय," ती म्हणाली. "पुढच्या दिवाळीपर्यंतही पुलाची खात्री न्हाय. पूल होईल म्हणून कुणी काही अडवून ठेवू नका." लोक खवळले. "मग इतके दिवस खोटं का सांगितलंसा?" एकानं विचारलं.

आठवड्यात तिची बदली बेळगावच्या ऑफिसात झाली. नकाशे तपासायचे, गावात जायचं नाही.

पूल दीड वर्षानं सुरू झाला. एका रविवारी समता तिकडं गेली. बाळाबाई दारात शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर बघितलं, ओळखलं. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ रस्त्यावरच थांबून समता बसस्टॉपकडं वळली.